चौल-रेवदंड्याचं जुनं बंदर वस्त्यावस्त्यांतून चालत पाहायचंय, कुणी दाखवतं का?

मोगरा, ऐरोली

नमस्कार मंडळी. रेवदंड्याला आम्ही वर्षानुवर्षं जातोय, पण ते समुद्रासाठी. यंदा भाची इतिहासात एमए करतेय. तिच्या वर्गात चौलचा विषय निघाला. हजार वर्षांपूर्वी तिथे अरब व्यापाऱ्यांची वस्ती होती, पोर्तुगीजांनी तटबंदीचं शहर वसवलं, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं, प्रार्थनामंदिर आजही उभं आहे आणि खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीजमधून निघालेली बोली अजून घरात बोलतात, हे सगळं तिने मला घरी येऊन सांगितलं. तेव्हापासून तिचा धोशा चाललाय की मावशी, एकदा नीट माहितगार माणसाबरोबर चालत पाहू या.

डिसेंबरात जायचा बेत आहे. आम्ही चौघं, त्यात आई बहात्तर वर्षांची, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी. मुंबईहून अशा सहली नेणाऱ्या एकांबरोबर गेल्या वर्षी मैत्रीण गेली होती. सकाळी किल्ला, दुपारी मासे, संध्याकाळी घरी. वस्त्यांमध्ये कुणी पाऊलही टाकलं नाही म्हणाली. तसं नकोय. कुठून सुरुवात करावी, कोणत्या क्रमाने चालावं, मोहल्ल्यात किंवा प्रार्थनास्थळी जायचं तर कुणाला विचारायचं, हे जाणकारांनी सांगावं.

नागावचा वाडीवाला

ताई, डिसेंबर उत्तम, फक्त शनिवार-रविवार टाळा. आक्षी-नागावचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूला वाड्यांची कुंपणं, आणि सुट्टीला गाड्यांची रांग हलत नाही. गेटवेहून मांडव्याला लाँच, तिथून बसने अलिबाग, पुढे रेवदंडा किंवा मुरूडची एसटी. अलिबाग ते रेवदंडा सतरा-अठरा किलोमीटर. आईंना घेऊन येताय तर अलिबागहून रिक्षा दिवसभरासाठी ठरवा, म्हणजे दोन वस्त्यांमधलं अंतर त्या बसून येतील आणि गल्लीतून तुमच्याबरोबर चालतील.

बाकी इतिहासाचं चौलचे मास्तर सांगतील. ते इथे असतातच. आणि थंडी पडली असेल तर पोपटी खाल्ल्याशिवाय जाऊ नका. वालाच्या शेंगा मडक्यात, भांबुर्ड्याच्या पाल्यात. कुठल्याही वाडीत विचारा.

आग्रावचा मास्तर

मोगराताई, वाडीवाल्यांनी आठवण काढलीच आहे तर सविस्तर लिहितो. मी चौलचा. शाळेत इतिहास शिकवायचो, निवृत्त झाल्यावर येतील त्यांना घेऊन गावातून चालतो. त्यासाठी पैसे घेत नाही, पण माझ्या दोन अटी असतात. एका वेळी दहा-बारापेक्षा जास्त माणसं नकोत, आणि प्रत्येक वस्तीत तिथलाच माणूस बोलणार, मी गप्प राहणार.

पहिलं सांगायचं ते हे की किल्ल्यापासून सुरुवात करू नका. अलिबागचा रस्ता तटबंदी फोडूनच रेवदंड्यात शिरतो, आपोआप तिथेच गाडी थांबते, समोर सातखणी मनोरा दिसतो, आणि चौल म्हणजे पोर्तुगीजांच्या पडक्या भिंती एवढंच डोक्यात बसतं. पोर्तुगीज इथे उतरले तेव्हा हे बंदर हजारावर वर्षांचं जुनं होतं. ग्रीक भूगोलकार टॉलेमीने दुसऱ्या शतकात ‘सिमुल्ला’ म्हणून नोंदवलेलं बंदर ते हेच, असं अभ्यासक मानतात. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या लोकांच्या गावांत ‘चेमुल’ कोरलेलं आहे.

म्हणून मी लोकांना आधी आग्रावच्या धक्क्यावर नेतो. समोर कुंडलिकेची खाडी, तिच्या तोंडाशी कोर्लईचा डोंगर. तिथे दहा मिनिटं उभं राहिलं की बंदर याच जागी का बसलं ते डोळ्यांना दिसतं. डोंगराचा आडोसा, आत गोडं पाणी, मागे घाटावर जुन्नरकडे जाणाऱ्या वाटा. आणि माझ्या मते सगळ्यात मोठं कारण म्हणजे वारा. अरबी समुद्रात वारा वर्षातून दोनदा फिरतो. नैऋत्येच्या वाऱ्यावर जहाज इकडे लागलं की ईशान्येचा सुटेपर्यंत परत जाता येत नसे. महिनोन्‌महिने मुक्काम. मग वखार बांधा, घर बांधा, नमाजाला जागा करा, इथल्याच मुलीशी लग्न करा. चौलचे मोहल्ले आणि आळ्या या थांबलेल्या माणसांनी वसवल्या. हे एकदा मनात पक्कं झालं की पुढची प्रत्येक वस्ती वेगळी दिसायला लागते.

अल मसुदी हा बगदादचा प्रवासी. तो इ.स. ९१५-१६ च्या सुमारास इथे आला, तेव्हा शिलाहार राजा झंझ राज्य करत होता. मसुदी लिहितो की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि इथेच जन्मलेले. त्यांचे आपसातले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला होता. राजा हिंदू, वस्ती मुसलमान, न्याय त्यांचा त्यांनी करायचा. तुमच्या भाचीला सांगा, या एका नोंदीवर ती अख्खा निबंध लिहू शकेल.

आग्रावलाच कोळीवाडा आहे, तो घाईने ओलांडू नका. वलांड्यांवर बोंबील कसे लटकवतात ते जवळ जाऊन बघा. दोन बोंबील घेऊन एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दांडीवर टाकायची. दोरा नाही, खिळा नाही. बायका बोलता बोलता इतक्या झरझर टाकतात की हात दिसत नाही. सुलतान, पोर्तुगीज, आंग्रे, इंग्रज सगळे आले आणि गेले. प्रत्येकाला जहाज खाडीत आणायला याच लोकांची गरज पडली, कारण रेती कुठे साचते ते यांना ठाऊक. त्यांचं नाव कुठल्याही शिलालेखात नाही, म्हणून मी हट्टाने पहिला थांबा इथे ठेवतो.

तिथून चौलात. नारळ-पोफळीच्या वाड्यांमधून वाट जाते, उन्हाचा त्रास होत नाही, आईंना इथे चालवा. रामेश्वराच्या देवळासमोर मोठी पुष्करणी आहे, पायऱ्यांवर बसायला जागा. सभामंडपात जमिनीखाली तीन कुंडं आहेत, पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड. वरून फरसबंदी असते. पाऊस पडेना झाला की पर्जन्यकुंड उघडायची रीत. वायूचंही कुंड असावं, हे मला बंदराच्या गावाला फार शोभणारं वाटतं. चौलला ३६० देवळं आणि ३६० तळी होती असं म्हातारी माणसं सांगत. आकडा मोजायला जाऊ नका, पण वाड्यांमधून चालताना दर थोड्या वेळाने एखादं तळं किंवा घुमटी लागते हे खरं.

पुढे हमामखाना, म्हणजे जुनं स्नानगृह, आणि राजकोट या जुन्या किल्ल्याचे अवशेष. हमामखान्यावर झाडं-वेली माजलेल्या असतात, पावसाळा संपून गवत वाळलेलं असेल तर आत नीट पाहता येतं. इथपर्यंत आलात की घोड्यांची गोष्ट सांगायची. दख्खनच्या सुलतानांना चांगले घोडे समुद्रापलीकडून आणावे लागत. १४६९ मध्ये अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला तो एक घोडा विकायलाच घेऊन आला होता. गोरा माणूस बघायला लोक मागे मागे येत, असं त्याने लिहून ठेवलंय. पुढे जुन्नरला तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. एका खुरासानी मुसलमानानेच मध्ये पडून त्याला सोडवलं. रेवदंड्यात शाळेच्या आवारात निकितिनचं स्मारक आहे. आमची पोरं त्याच्या आजूबाजूला खेळतात. १५२१ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना इथे कोट बांधू दिला, त्यातही घोड्यांचा पुरवठा हीच मेख होती.

आता किल्ला. १५०८ मध्ये याच खाडीत इजिप्तच्या आणि दीवच्या मलिक अयाझच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं, व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो दे आल्मेदा इथे मारला गेला. पुढे कोट झाला, शहर झालं. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने वेढा घातला, पण शहर पडलं नाही. १५८३ मध्ये आलेला इंग्रज व्यापारी राल्फ फिच लिहितो की इथे दोन शहरं आहेत, एक पोर्तुगीजांचं आणि एक मुसलमानांचं. म्हणजे आजचं रेवदंडा आणि आजचं चौल. तुम्ही सकाळी एकातून चालाल आणि दुपारी दुसऱ्यात पोचाल. सातखणीचे वरचे मजले कोसळलेत, खालून बघा, वर चढायचा प्रयत्न कुणी करू नये. डॉमिनिकन चर्चची कमान आणि सेंट झेवियरचं छोटं चॅपल मात्र निवांत पाहण्यासारखं. दरवाजावर पोर्तुगालचं राजचिन्ह दगडात कोरलेलं आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात ते उठून दिसतं, दुपारी सपाट होतं.

१७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पण त्याआधीच मुंबई वर येत होती आणि खाडी गाळाने भरत चालली होती. सतराव्या शतकातच चौलचे रेशीम विणकर मुंबईला जाऊन बसले. माग गेले, मग व्यापारी गेले. मागे राहिल्या त्या वाड्या, कोळीवाडे, देवळं, मशिदी आणि आळ्या. तिथे माणसं राहतात, त्यांची धुणी वाळत असतात, पोरं अभ्यास करत असतात. कुणाच्या ओटीवर उभं राहून “इथे पूर्वी कोण राहायचं” असं आपसात बोलू नका. घरातल्या माणसाला विचारा. तो सांगेल, बहुतेक वेळा चहाही देईल.

मोहल्ल्यात जुम्म्याच्या नमाजाची वेळ सोडून केव्हाही या, आधी मला किंवा ग्रामपंचायतीत कळवा म्हणजे तिथलं कुणी बरोबर येईल. ज्यू आळीबद्दल मी लिहीत नाही, इथे लिहिणारं हक्काचं माणूस आहे.

शनिवारतेली, ठाणे

मास्तरांनी बोलावलं म्हणून आले. माझे पणजोबा रेवदंड्याचे, तेल्याचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने आम्हाला हे नाव दिलं आणि मी ते आनंदाने लावते.

मोगराताई, आमच्याकडे सांगतात ते असं की नौगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून आम्ही. बुडालेल्यांना नौगावला पुरलं, तिथे आजही आम्ही जातो. अलिबागच्या उत्तरेला आहे, जाता-येता थांबता येईल. पोथ्या बुडाल्या, भाषा गेली, पण शनिवार, सुंता आणि मासे निवडायची रीत राहिली. कोकणात राहून कोळंबी नाही, चिंबोरी नाही. पर आणि खवलं असलेलेच मासे. परदेशातून आलेल्या दावीद राहाबीने आमच्या बायकांपुढे सगळ्या जातीचे मासे ठेवले आणि त्यांनी नेमके खवल्यांचे वेगळे काढले, त्यावरून आम्ही ज्यू आहोत हे त्याने ओळखलं, असं आजी सांगायची. मटणाच्या रश्शात दही-दूध चालत नाही, म्हणून सगळीकडे नारळाचं दूध. त्यामुळे आमचं जेवण शेजाऱ्यांपेक्षा फार वेगळं कधी लागलंच नाही.

रेवदंड्याचं प्रार्थनामंदिर बेथ एल. अलिबागचं मागेन आबोथ, १८४८ चं, इस्रायल आळीत. आता दोन्हीकडे घरं थोडी उरलीत, १९४८ नंतर बहुतेक लोक इस्रायलला गेले. त्यामुळे दार उघडं मिळेलच असं धरून येऊ नका. सांभाळणाऱ्यांना आधी कळवा. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस, तेव्हा फोटो नाहीत, खरं तर पाहुणे म्हणून येऊच नका. पुरुषांनी डोकं झाकायचं, रुमाल चालतो. आत गेल्यावर तेवाच्या, म्हणजे मधल्या व्यासपीठाच्या, कठड्याला टेकू नका.

आणि एक गोष्ट, जी मला स्वतःला फार मोलाची वाटते. मंगलकार्य असलं, नवस फेडायचा असला की आम्ही एलियाहू हान्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या, नावाने मलिदा करतो. पातळ पोहे भिजवून त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं आणि खजूर. ताट मध्ये ठेवून हिब्रूतून आशीर्वाद म्हणायचा आणि मग सगळ्यांना वाटायचा. खंडाळ्याच्या खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे अशी आमची श्रद्धा, तिथे मोटारी भरून लोक येतात. इस्रायलहून नातवंडं येतात ती आधी तिथे जातात आणि मग पणजोबांचं घर शोधत रेवदंड्यात फिरतात. मास्तर, तुम्ही त्यातल्या कितीतरी जणांना घर शोधून दिलंत, ते मी विसरले नाही.

कोर्लईची सून

मी माहेरची वसईची, लग्न करून कोर्लईत आले. वसईत घरी मराठी, इथे सासूबाई चुलीपाशी वेगळंच बोलायच्या. हळूहळू कानावर पडून बोलायला लागले. आमच्या गावात हजारभर माणसं असतील ही बोली बोलणारी, शेती आणि मासेमारी करणारी. मुलं मराठी शाळेत जातात, चर्चमध्ये प्रार्थना मराठीत होते, घरात मात्र आमची बोली.

मोगराताईंना मनापासून सांगायचंय. लोक येतात, मोबाइल पुढे करतात आणि “काहीतरी बोलून दाखवा” म्हणतात. आमच्या आजीबाईंना ते फार लागतं. तुम्ही कार्मेल माउलीच्या चर्चपाशी या, बाकावर बसा, बाजारात काय भाव चाललाय, यंदा भात कसं झालं ते विचारा. बायका आपसात बोलायला लागल्या की तुमच्या भाचीला जे ऐकायचंय ते आपोआप ऐकू येईल. रविवारी सकाळी प्रार्थनेनंतर अंगणात माणसं रेंगाळतात ती वेळ सगळ्यात चांगली. तुम्ही रविवार टाळताय म्हणून सांगते, कोर्लईपुरता तरी रविवार धरा.

किल्ला आमच्या डोंगरावर आहे, दीपगृहाच्या बाजूने वाट चढते. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून घेतला. वरून खाडीचं तोंड, रेवदंडा, सगळं एका नजरेत येतं. आईंना वर नेऊ नका, पायऱ्या उंच आहेत. त्या माझ्याकडे ओटीवर बसतील.

मोगरा, ऐरोली

सगळ्यांचे खूप आभार. भाचीने सगळं वहीत उतरवून घेतलं. आता ठरतंय ते असं की शुक्रवारी सकाळी निघून त्या दिवशी आग्राव आणि चौल, शनिवारी रेवदंडा, रविवारी सकाळी कोर्लई करून परत. पण मग बेथ एल राहून जातंय, शनिवार आहे. आणि शुक्रवारी मोहल्ल्यात नमाजाची वेळ. मास्तर, काय करावं?

आग्रावचा मास्तर

गुरुवारी या. गुरुवारी सकाळी आग्रावचा धक्का आणि कोळीवाडा, ऊन चढायच्या आत रामेश्वर, दुपारी जेवून मोहल्ला आणि हमामखाना. शुक्रवारी सकाळी लवकर रेवदंड्याचा दरवाजा, तट, चर्चं, आणि दुपार टळायच्या आत बेथ एल, म्हणजे शब्बाथच्या तयारीत कुणाला अडचण नको. मी सांभाळणाऱ्यांशी बोलून ठेवतो. शनिवार आईंना विश्रांती. तुम्ही दोघी मात्र ओहोटीला तटाच्या बाहेरून पुळणीवरून चाला. वेळ आदल्या दिवशी थेरोंड्याच्या कोळ्यांना विचारा. पंचांगात तिथी बघून या, अष्टमीच्या भांगाला पाणी फार मागे जात नाही, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीत लांबपर्यंत वाट मोकळी होते, पण भरती तितकीच जोरात परत येते. रविवारी साळावचा पूल ओलांडून कोर्लई.

भाचीला एक काम सांगा. येण्याआधी मसुदीची ती नोंद आणि फिचचा उतारा वाचून वहीत लिहून आणू दे. आग्रावच्या धक्क्यावर आणि हमामखान्यापाशी मी तिला मोठ्याने वाचायला लावणार आहे. आमच्या कोळीवाड्यातल्या काही पोरी बारावीत आहेत, त्यांनाही बोलावतो. त्यांच्याच गावाबद्दल लिहिलेलं त्यांनी कधी ऐकलेलं नाही.

तारखा ठरल्या की व्यक्तिगत निरोपात कळवा, गुरुवारच्या जेवणाचं कोळीवाड्यात सांगून ठेवतो. कुणी शाकाहारी असेल तर तेही लिहा.

शनिवारतेली, ठाणे

शुक्रवारी मीही येते. मलिद्याचे पोहे आणि खजूर मी आणेन, नारळ मास्तरांच्या वाडीतले.